दूरच्या गावी ठेवलेली दुसरी प्रत

आजच्या भाषणाचा विषय संगणकाचा आहे. पण सुरुवात मी आपल्या मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरापासून करणार आहे. विषयाचे मूळ तिथे चांगले समजते म्हणून.

रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे तीर्थ. श्रीचक्रधरस्वामींच्या नंतर, इ. स. 1278 च्या सुमारास, म्हाइंभटांनी येथे लीळाचरित्राचे काम केले, असे परंपरा सांगते. स्वामींच्या आठवणी ज्याच्याज्याच्यापाशी होत्या, त्याच्याकडे ते स्वतः गेले, विचारून घेतले, लिहून काढले आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या फौजा दक्षिणेत उतरल्या आणि त्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. ग्रंथ मात्र गेला नाही. हिराइसेसारख्या शिष्यांना तो मुखोद्गत होता. त्यांनी आणि इतरांनी तो आठवून पुन्हा लिहवला.

पण येथे एक गोम आहे. प्रत्येकाने आपापल्या आठवणीप्रमाणे लिहवले, वेगवेगळ्या वेळी लिहवले. त्यामुळे एका ग्रंथाचे अनेक पाठ झाले. पुढे डॉ. वि. भि. कोलते यांच्यासारख्या संशोधकांना कितीतरी पोथ्या शेजारी शेजारी मांडून ओळ न ओळ ताडावी लागली.

यातून आपल्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. पहिली ही, की मूळ वस्तू एकाच ठिकाणी असेल तर ती एका धाडीत जाते. दुसरीकडे प्रत असेल तरच ती वाचते. दुसरी गोष्ट थोडी सूक्ष्म आहे. प्रत नुसती असून भागत नाही. ती नेमक्या कोणत्या क्षणाची, हे ठरलेले असावे लागते. नाहीतर चार प्रती चार गोष्टी सांगू लागतात. संगणकात साठवलेल्या दप्तराची प्रत दूरच्या ठिकाणी ठेवण्याची जी पद्धत आज वापरतात, तिचा सगळा आधार या दोन गोष्टींवर आहे.

आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल, “सर, आमच्या संत्र्याच्या बगिच्याले अन् शाळेले ह्याचं काय करायचं?” करायचे बरेच आहे. 1 मे 2018 पासून आपल्या राज्यात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. पूर्वी तलाठ्याच्या बस्त्यात बांधलेली नोंद आता यंत्रात आहे. तुमचे पीककर्ज, वारसाची नोंद, विहिरीचा हक्क, मुलाचा दाखला, सारे हळूहळू तिकडे जात आहे. समजा, एखाद्या विधवा बाईच्या नावाचा फेरफार आज दुपारी नोंदला गेला आणि संध्याकाळी ते यंत्र जळाले. दुसऱ्या ठिकाणी आज दुपारनंतरची प्रत असेल तर तिचा हक्क शाबूत. कालचीच असेल, तर तिला पुन्हा पहिल्यापासून खेटे घालणे आले. प्रतच नसेल, तर काय, ते मी सांगायला नको.

ही भीती कल्पनेतली नाही. 21 जून 2012 रोजी मुंबईला मंत्रालयाला आग लागली. माणसे दगावली, आणि वरच्या मजल्यांवरच्या कागदी फायलींची राख झाली. आपल्या जवळचे उदाहरण त्याहून दारुण आहे. वरूडच्या पलीकडचे, वर्धेच्या काठचे मोवाड आठवा. 30 जुलै 1991 च्या पुराने ते गाव उद्ध्वस्त केले; दोनशेंहून अधिक माणसे गेली. माणसांपुढे कागदाची काय किंमत, हे खरेच. पण जे वाचले, त्यांना दुसऱ्या दिवसापासून मी कोण, माझे घर कुठे, माझे शेत किती, हे सिद्ध करत बसावे लागते. अशा वेळी गावातल्या गावात, दुसऱ्या कपाटात ठेवलेली प्रत उपयोगाची नसते. पाणी दोन्ही कपाटांत शिरते.

आता यंत्राकडे वळू. मोठे दप्तर एका संगणकात मावत नाही. म्हणून पाच, दहा, शंभर संगणक तारांनी जोडून त्यांचे एक कोठार करतात. या ताफ्याला क्लस्टर म्हणतात. अशा कोठाराची एक प्रसिद्ध प्रणाली आहे ‘सेफ’. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील शाखेत सेज वाइल या विद्यार्थ्याने आपल्या डॉक्टरेटच्या अभ्यासात ती घडवली. अष्टपादाच्या जातीला इंग्रजीत जे नाव आहे, त्याचा हा तुकडा. अनेक हातांनी एकदम काम करणारा प्राणी, म्हणून. ही प्रणाली कोणालाही विनामूल्य वापरता येते. पुढचे विवेचन मी तिच्याच आधाराने करणार आहे. इतर प्रणालींत तपशील बदलतो, तत्त्व तेच.

या कोठारात फाईल अखंड ठेवत नाहीत. तिचे साधारण 4 मेगाबाइटचे तुकडे करतात आणि दर तुकड्याच्या तीन प्रती तीन निरनिराळ्या यंत्रांवर ठेवतात. एक यंत्र बिघडले तर उरलेल्या दोन प्रतींवरून तिसरी आपोआप तयार होते. काम थांबत नाही.

मग तीन प्रती असताना आणखी एक कशाला? कारणे दोन. एक तर तिन्ही प्रती सहसा एकाच इमारतीत असतात. आग लागली, पूर आला, तर तीन काय नि तेरा काय. दुसरे कारण असे, की या तीन प्रती एका हुकमाच्या ताबेदार असतात. कारकुनाने चुकून एक फाईल पुसली, किंवा चोराने दुरून शिरून सगळ्या फायलींना कुलूप घातले, तर तोच हुकूम तिन्ही ठिकाणी तत्काळ लागू होतो. तीन प्रती यंत्राच्या बिघाडापासून वाचवतात. माणसाच्या हातापासून वाचवत नाहीत.

तेव्हा उपाय दुहेरी हवा. काळात मागे जाता आले पाहिजे आणि जागेने दूर जाता आले पाहिजे. काळात मागे जाण्याच्या साधनाला स्नॅपशॉट म्हणतात. आपण त्याला क्षणचित्र म्हणू. ते जसेच्या तसे दूरच्या कोठारात उतरवून घेणे, याला रेप्लिकेशन म्हणतात; आपण प्रतिरोपण म्हणू.

क्षणचित्र म्हणजे काय? सहकारी सोसायटीचा सचिव संध्याकाळी रोजकीर्द बंद करतो, शिल्लक काढतो, खाली आडवी रेघ मारतो. त्या रेघेच्या वर मग कोणी काही लिहीत नाही. क्षणचित्र ही तशीच रेघ आहे. अमुक दिवशी, अमुक वाजता कोठारातला हा कप्पा असा होता, हे त्यात कायम होते. गंमत अशी, की चित्र काढताना साऱ्या फायलींची नक्कल करावी लागत नाही. समजा, नोंदवहीची पाने सुटी आहेत. एखादे पान बदलायचे झाले तर जुने फाडायचे नाही. ते बाजूला जपून ठेवायचे आणि नवे पान लावायचे. जी पाने बदललीच नाहीत, ती जुन्या आणि नव्या दोन्ही वह्यांना सामाईक. यंत्र हेच करते. म्हणून क्षणचित्र निमिषात निघते आणि सुरुवातीला जागा जवळजवळ खात नाही. पुढे जेवढे बदल होतील, तेवढीच जागा लागते.

आता हे चित्र दूर पाठवायचे. पहिल्या वेळी सगळे दप्तर पाठवावे लागते. त्याला उपाय नाही. थोडा हिशेब करू. शिक्षकांनी तो वर्गात मुलांकडून करून घेण्यासारखा आहे. दप्तर 1 टेराबाइट आहे, म्हणजे 1 लाख कोटी बाइट. एका बाइटचे 8 बिट. आपली तार सेकंदाला 10 कोटी बिट वाहून नेते, जिला 100 मेगाबिटची जोडणी म्हणतात. भागाकार करा: 80,000 सेकंद, म्हणजे सुमारे 22 तास. आणि दप्तर 50 टेराबाइट असेल तर दीड महिन्यावर! एवढे मोठे काम रोज कोण करील?

म्हणून दुसऱ्या वेळेपासून फक्त फरक पाठवतात. कालचे चित्र आणि आजचे चित्र यंत्र समोरासमोर धरते आणि जे बदलले तेवढेच उचलते. 1 टेराबाइटच्या दप्तरात दिवसाला शेकडा 1 एवढा बदल झाला, तर पाठवायचे उरते 10 गिगाबाइट; त्याला लागतात 800 सेकंद, म्हणजे सुमारे सव्वातेरा मिनिटे. बावीस तासांचे काम चहा होईपर्यंत उरकले.

कोणी विचारील, चित्राची वाट तरी का पाहायची? दर अक्षर लिहिताक्षणीच दोन्हीकडे का उमटवू नये? तसेही करतात, पण जवळच्या अंतरावर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो. 700 किलोमीटर दूरच्या ठिकाणी निरोप जाऊन ‘पोचला’ असे उत्तर यायला 7 सहस्रांश सेकंद लागतात. हे थोडे वाटते. पण सेकंदाला हजारो नोंदी होत असताना प्रत्येकीने एवढे थांबायचे म्हटले तर सगळे काम रखडते. शिवाय त्या पद्धतीत चुकीचा हुकूमही लगेच दोन्हीकडे उमटतो. चित्र पाठवण्याच्या पद्धतीत मूळ काम अडत नाही. त्याची किंमत एकच. तासातासाला चित्र काढत असाल, तर अपघात झाल्यावर शेवटच्या तासाभराचे, आणि चित्र वाटेत असेल तर थोडे अधिक, काम हातचे जाते. किती वेळेचे नुकसान चालेल, हे यंत्र ठरवत नाही. दप्तराच्या मालकाने आधी बसून ठरवायचे असते.

आता ही व्यवस्था उभी कशी करतात, ते क्रमाने पाहू.

प्रथम दोन कोठारे, दोन गावी, एकमेकांपासून स्वतंत्र. वीज निराळी, इमारत निराळी, किल्ल्या निराळ्या, आणि शक्य तर नदीचे खोरेही निराळे. एका कोठाराला मूळ म्हणू, दुसऱ्याला दूरचे. दोघांच्या मधली तार अशी हवी की मूळ ठिकाणच्या निरोप्याला दूरच्या कोठारातल्या सर्व यंत्रांपर्यंत पोचता येईल. सुरुवातीला काम पुष्कळदा येथेच अडते: एका यंत्राचे दार उघडे, बाकीच्यांची बंद.

दुसरी पायरी दूरच्या कोठारावर. तेथे प्रतिरोपणासाठी एक वेगळे खाते उघडायचे आणि त्याला नेमक्या त्याच साठ्यापुरते अधिकार द्यायचे. सगळ्या वाड्याची किल्ली द्यायची नाही.

तिसरी पायरी ओळखचिठ्ठीची. दूरचे कोठार एक चिठ्ठी तयार करते. तिच्यात त्याचा पत्ता आणि त्या खात्याची गुप्त किल्ली असते. ही चिठ्ठी मूळ कोठाराने स्वीकारली, की दोघांची सोयरीक जमली. मात्र चिठ्ठी म्हणजे किल्लीच आहे, हे विसरू नये. ती मोबाइलवरच्या गटात टाकायची वस्तू नव्हे.

चौथी पायरी निरोप्याची. मूळ कोठाराच्या बाजूला एक छोटा कार्यक्रम अखंड चालू ठेवायचा. नवे चित्र निघाले का, हे तो पाहत राहतो आणि निघाले की फरक काढून पाठवतो.

पाचवी पायरी, कोणता कप्पा पाठवायचा ते सांगणे. येथे एक नियम आहे. तालुक्याचा कप्पा नेमला असेल तर त्याच्या पोटातल्या गावाचा कप्पा पुन्हा वेगळा नेमता येत नाही. एक गोष्ट दोन वाटांनी जाऊ द्यायची नाही.

सहावी पायरी वेळापत्रकाची. चित्र कधी काढायचे आणि किती दिवस ठेवायचे, दोन्ही ठरवायचे. उदाहरणार्थ, तासाची 24, दिवसाची 7 आणि आठवड्याची 4 चित्रे ठेवली, तर महिनाभर मागे जाता येते आणि साठाही तुंबत नाही.

सातवी पायरी रोजची. निरोप्याला हाल विचारायचा: शेवटचे चित्र कोणते पोचले, किती वेळ लागला, किती अडखळले? लागोपाठ अनेक वेळा अपयश आले की तो त्या कप्प्यावर ‘अयशस्वी’ असा शेरा मारतो. तो शेरा कोणी वाचलाच नाही, तर शेरा असून नसून सारखा.

पाठवण्याच्या रीतीत एक शहाणपण आहे, ते सांगितलेच पाहिजे. दूरच्या ठिकाणी आधी सगळा फरक पोचतो. तो पुरा झाल्यावरच तेथे त्याच नावाचे चित्र कायम होते. मध्यरात्री तार तुटली, तर अर्धवट आलेल्या मालावर रेघ मारली जात नाही. तेथले शेवटचे पुरे चित्र मागचेच राहते. तार जुळली की काम पुन्हा सुरू होते. अर्धी पोथी पुरी म्हणून खपत नाही.

आता काही पथ्ये. पहिले पथ्य असे, की दूरच्या प्रतीवर कोणी लिहायचे नाही. ती वाचायची, लिहायची नाही. तेथे कोणी सहज म्हणून एक ओळ बदलली, की दोन्ही ठिकाणचे मूळ वेगळे होते आणि फरक काढण्याचा हिशेबच चुकतो.

दुसरे पथ्य हिशेबाच्या वह्यांचे. जमा एका फायलीत आणि नावे दुसऱ्या फायलीत लिहिली जात असतील, तर नेमके मधल्या क्षणी चित्र निघू नये. म्हणून लिहिणाऱ्या कार्यक्रमाला क्षणभर हात थांबवायला सांगतात, चित्र काढतात आणि मग पुढे जाऊ देतात. रेघ मारताना लेखणी उचललेली असावी.

तिसरे पथ्य फार जण विसरतात. मूळ ठिकाणी एखादे जुने चित्र पुसले, तर दूरच्या ठिकाणचेही ते चित्र पुसले जाते. म्हणजे प्रतिरोपण हा आरसा आहे, तिजोरी नव्हे. आरशात मूळचेच रूप दिसणार. यासाठी तारेला मुळीच न जोडलेली अशी एक निराळी प्रत अधूनमधून काढून ठेवावीच. जाणकारांचा 3-2-1 असा नियम आहे: एकंदर तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक तरी परगावी.

चौथे पथ्य सर्वांत महत्त्वाचे: प्रसंग येण्यापूर्वी रंगीत तालीम करावी. मुंबईचे उदाहरण घ्या. 24 फेब्रुवारी 2021 रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी 11 वाजून 40 मिनिटांनी थांबले, ते दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. पर्यायी केंद्र होते, पण त्या दिवशी काम तिकडे वळवले गेले नाही, आणि ते का वळवले नाही, हा प्रश्न नंतर विचारला गेला. दुसरी जागा असणे वेगळे आणि वेळेवर तिथे मुक्काम हलवणे वेगळे. हलवायचे कोणी सांगायचे, कोणत्या चित्रावरून सुरू करायचे, लोकांना कोणता पत्ता द्यायचा, हे कागदावर लिहिलेले असावे आणि वर्षातून एकदोनदा करून पाहिलेले असावे.

आणि परतीचा प्रवासही विसरू नये. दूरच्या कोठारावर चार दिवस काम चालले, तर त्या चार दिवसांच्या नव्या नोंदी तिथेच आहेत. मूळ कोठार दुरुस्त झाले म्हणून जुन्याच दिशेने निरोप्या सुरू केला, तर घोटाळा ठरलेला. आधी त्या नोंदी मूळ जागी आणायच्या, दोन्हीकडचे ताडून घ्यायचे आणि मगच दिशा फिरवायची. एका वेळी लिहिण्याचे ठिकाण एकच असावे. ते दोन झाले, की लीळाचरित्राच्या पाठांसारखी स्थिती होते. आणि सातबाराचे पाठ ताडायला आपल्याला कोलते कोठून मिळणार?

“एवढे मोठे दप्तर, त्याची दुसरी प्रत परवडत नाही,” असे पुष्कळदा ऐकू येते. दक्षिण कोरियाची गोष्ट अशा वेळी सांगावी. तंत्रविद्येत पुढारलेला देश. तेथील देजॉन शहरातल्या सरकारी संगणक केंद्राला 26 सप्टेंबर 2025 रोजी आग लागली. सरकारी नोकर आपले कामाचे कागद ज्या सामाईक कोठारात ठेवत, ते ‘जी-ड्राइव्ह’ जळून गेले; 858 टेराबाइट माहिती. कोठार फार मोठे, म्हणून बाहेर त्याची प्रत ठेवलेलीच नव्हती. म्हणजे आकार मोठा हेच प्रत न ठेवण्याचे कारण ठरले; खरे पाहता आकार जेवढा मोठा, तेवढी प्रतीची निकड मोठी.

आपल्या शाळेत किंवा सोसायटीत असा ताफा नसतो, हे मला ठाऊक आहे. पण तत्त्व लहान प्रमाणावरही चालते. दोन बाहेरच्या डिस्क घ्या. दर शनिवारी संगणकावरचे काम थांबवून हजेरी, गुणपत्रके आणि दाखल्यांचा कप्पा एका डिस्कवर उतरवा. कप्प्याला तारखेचे नाव द्या आणि मागचा कप्पा पुसू नका. पुढच्या शनिवारी दुसरी डिस्क. एक शाळेत, आणि दुसरी केंद्रशाळेत किंवा वरच्या अंगाच्या एखाद्या गावी, कुलपात. मुलांची माहिती त्यात असते, तेव्हा डिस्कवर परवलीचा शब्द हवाच. आणि तीन महिन्यांतून एकदा मागचा कोणताही एक दाखला त्या डिस्कवरून दुसऱ्याच संगणकावर उघडून, छापून, मूळ दाखल्याशी ताडून पाहा.

हे ताडून पाहण्याचे काम पुढच्या शनिवारपासून शाळेच्या कामाच्या यादीत घाला. सातवी-आठवीच्या दोन मुलांना सोबत घ्या, ती ते आनंदाने करतील, आणि मोठी होऊन कोणत्याही कचेरीत बसली तरी “दुसरी प्रत कुठे आहे, कोणत्या तारखेची आहे आणि उघडून पाहिली होती का?” हे तीन प्रश्न विचारायला विसरणार नाहीत.